शब्दामागचा संसार

व्याकरण म्हटलें कीं विभक्तींचे तक्ते आणि मास्तरांची छडी एवढेंच आमच्यांतील पुष्कळांस आठवतें, आणि भाषाशास्त्र म्हणजे त्याच व्याकरणाचा थोरला भाऊ अशी समजूत असल्यामुळें घरांतील मंडळी त्याच्या वाटेस सहसा जात नाहींत. तरीही या महिन्यांत आम्ही एका अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचें जीवन आणि कार्य वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. या गृहस्थांनीं शब्दाचा अर्थ केवळ कोशांत न शोधतां बाजारांत, जेवणाच्या पानावर आणि नात्यागोत्यांच्या व्यवहारांत शोधला; आणि तो शोधतांना त्यांची वाट, त्यांच्या मनांत असो वा नसो, पाणिनीच्या अंगणावरून गेली. चार्ल्स फिल्मोर हें त्यांचें नांव.

फिल्मोर ह्यांचा जन्म ९ ऑगस्ट १९२९ रोजीं मिनेसोटा संस्थानांतील सेंट पॉल या शहरीं झाला. (आमच्या डॉ. अशोक केळकरांचें जन्मवर्षही हेंच, आणि दोघांचें निधनही २०१४ सालींच झालें. योगायोग खरा, पण मराठी वाचकाच्या मनांत राहण्यासारखा.) मिनेसोटाच्या विद्यापीठांत शिक्षण झाल्यावर ते लष्करांत गेले आणि तीन वर्षें जपानांत राहिले. तेथें त्यांच्या वांट्यास आलेलें काम मोठें विचित्र होतें. रेडिओवरून चालणारें रशियनांचें सांकेतिक संभाषण ऐकून टिपून घ्यावयाचें! ज्या बोलण्याचा अर्थ मुद्दाम लपविलेला आहे असें बोलणें तासन् तास ऐकणाऱ्या माणसास, साधें बोलणें तरी आपणांस कळतें तें कसें, हा प्रश्न पडल्यास नवल नाहीं. त्यांना तो तेथेंच पडला असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. फावल्या वेळांत त्यांनीं आपल्या आपणच जपानी भाषा शिकून घेतली. लष्करांतून सुटल्यावर एका बौद्ध कन्याशाळेंत इंग्रजी शिकविली आणि क्योटोच्या विद्यापीठांत अध्ययनही केलें. मायदेशीं परतल्यावर १९६१ सालीं मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं मिळविली. पुढें दहा वर्षें ओहायो स्टेट विद्यापीठांत आणि १९७१ पासून कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें त्यांनीं अध्यापन केलें. बाह्य चरित्र एवढेंच. खरी हकीकत त्यांच्या विचारांची आहे.

त्या काळीं अमेरिकेंत नोम चॉम्स्की ह्यांच्या मताचा मोठा बोलबाला होता. वाक्याची रचना ही स्वतंत्र वस्तु आहे, तिचे नियम अर्थाकडे न पाहतां मांडतां येतात, असा त्या मताचा ओघ होता. फिल्मोर याच वर्तुळांत वाढले. पण १९६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ निबंधांत त्यांनीं एक साधा प्रश्न विचारला. निबंधाचें नांव 'द केस फॉर केस', म्हणजे विभक्तीच्या बाजूचें म्हणणें. इंग्रजींत 'जॉननें दार उघडलें' या अर्थाच्या वाक्यांत जॉन उद्देश्याच्या जागीं बसतो. 'किल्लीनें दार उघडलें' यांत किल्ली त्याच जागीं बसते. आणि 'दार उघडलें' यांत दारच तेथें जाऊन बसतें. खुर्ची एकच, बसणारे तिघे निराळे. मग उद्देश्य या संज्ञेनें आपणांस नेमकें काय कळलें? त्या प्रसंगांत करणारा कोण, साधन कोणतें आणि परिणाम कशावर झाला हें जें खरें नातें, तें वाक्याच्या पृष्ठभागाखालीं आहे, असें फिल्मोर ह्यांनीं दाखविलें.

मराठींत हीच गोष्ट उलट बाजूनें दिसते. 'रामानें किल्लीनें दार उघडलें' या वाक्यांत राम आणि किल्ली दोघांसही एकच 'नें' लागला आहे; तरी रामाच्या हातीं किल्ली होती कीं किल्लीच्या हातीं राम होता, असा संशय लहान मुलासही येत नाहीं. आणि 'रामानें व किल्लीनें दार उघडलें' असें कोणी म्हटल्यास घरांत हंशा पिकेल. प्रत्यय एक असला तरी कारकें दोन आहेत, आणि दोन कारकांना 'व' नें बांधतां येत नाहीं.

कारक हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. संस्कृत शिकलेल्या वाचकांस एव्हांना अष्टाध्यायीची आठवण झालीच असेल. अपादान, संप्रदान, करण, अधिकरण, कर्म आणि कर्ता अशीं सहा कारकें पाणिनीनें सांगितलीं आणि कारक निराळें, विभक्ति निराळी, हा भेद काटेकोर पाळला. फिल्मोर ह्यांच्या त्या निबंधांतही कर्ता, साधन, ज्या सजीवावर क्रियेचा परिणाम होतो तो, क्रियेंतून निर्माण होणारी वस्तु, स्थान, आणि उरलेलें विषयभूत, अशीं सहाच नातीं आहेत. येथें आमच्यांतील कांहीं मंडळी 'हें सारें आमच्याकडे होतेंच' असें म्हणून पान उलटतील. त्यांनीं थोडें थांबावें. सहा हा आंकडा जुळला म्हणजे विचार जुळला असें नव्हे. पाणिनीचीं कारकें संस्कृत वाक्य सिद्ध करण्याच्या यंत्रांतील एक पायरी आहेत. फिल्मोर ह्यांचा दावा असा होता कीं, हीं नातीं सर्व मानवी भाषांस समान असून बहुधा जन्मतःच मनांत असतात. पहिल्याची महति त्याच्या शिस्तींत आहे, दुसऱ्याची त्याच्या धाडसांत. पूर्वजांचा अभिमान बाळगण्यास आमची हरकत नाहीं, परंतु त्यासाठीं दुसऱ्याचें काम वाचावयाचें राहूं नये.

शिवाय खरी गंमत पुढेंच आहे. कारण फिल्मोर ह्यांनीं स्वतःची ती सहांची यादी फार काळ कवटाळून ठेविली नाहीं. ती वाढूं लागली, बदलूं लागली. कोणत्या क्रियापदाजवळ कोणतें नातें बसवावें याविषयीं वाद होऊं लागले. १९७७ सालीं त्यांनीं 'विभक्तीचा खटला' पुन्हां उघडला. नामवंत झालेल्या सिद्धांताची दुरुस्ती स्वतः करावयास बसणारे पंडित थोडे. बहुतेकांस तो सिद्धांत म्हणजे घरची इस्टेट वाटूं लागते.

या दुरुस्तींतून जो विचार निघाला त्यासाठींच आम्ही आज लेखणी उचलली आहे. फिल्मोर ह्यांचें आवडतें उदाहरण खरेदी-विक्रीचें. तें आम्ही आमच्या बाजारांत आणून सांगतों. जाऊबाईंनीं पैठणी घेतली. दुकानदारानें पैठणी विकली. जाऊबाईंनीं दहा हजार मोजले. पैठणी दहा हजारांना पडली. दुकानदारानें तिचे दहा हजार लावले. प्रसंग एकच आहे. त्यांत घेणारी, विकणारा, वस्तु आणि पैसा हे चौघे आहेत. प्रत्येक क्रियापद त्याच प्रसंगावर निराळ्या कोपऱ्यांतून दिवा धरतें. 'लावले' म्हणतांच दुकानदाराकडे बोट जातें, 'मोजले' म्हणतांच जाऊबाईंच्या पिशवीकडे. आतां ज्या माणसास पैसा, मालकी आणि देवघेव हा व्यवहारच ठाऊक नाहीं, त्याला यांतील एक तरी शब्द कोशावरून समजावून देतां येईल काय? नाहीं. आधीं संबंध व्यवहार कळावा लागतो, मग शब्द कळतो. शब्दामागें उभ्या असलेल्या या संबंध व्यवहारास फिल्मोर ह्यांनीं 'फ्रेम' म्हणजे चौकट असें नांव दिलें आणि १९८२ च्या एका निबंधांत या अर्थविचाराची नीट मांडणी केली. अर्थ हा माणसाच्या अनुभवापासून आणि जगाविषयींच्या ज्ञानापासून कापून काढतां येत नाहीं असें मानणाऱ्या पंथास इंग्रजींत 'कॉग्निटिव्ह लिंग्विस्टिक्स' म्हणतात; आम्ही त्यास बोधनिष्ठ भाषाशास्त्र म्हणूं. बर्कलीचेच जॉर्ज लॅकॉफ आणि सॅन डिएगोचे रोनाल्ड लँगॅकर हे या पंथाचे दुसरे धुरीण होत.

फिल्मोर ह्यांचीं उदाहरणें मोठीं साधीं असत. इंग्रजींत कोरड्या जमिनीस दोन शब्द आहेत. एक समुद्राच्या तुलनेनें, एक आकाशाच्या तुलनेनें. खलाशी पहिला वापरतो, वैमानिक दुसरा. डोळ्यांपुढची जमीन तीच, पण ती कोठून पाहिली हें शब्दांत शिरलेलें आहे. तसेंच, लग्नाचें वय झालेला अविवाहित पुरुष अशी 'बॅचलर' शब्दाची व्याख्या कोशांत असते. मग रोमच्या पोपास कोणी बॅचलर कां म्हणत नाहीं? आमच्याकडे शंकराचार्यांस कोणी 'उपवर' म्हणणार नाहीं, त्याच कारणानें. ज्या समाजव्यवहारांत तो शब्द जन्मला त्या व्यवहारांत ती व्यक्ति बसतच नाहीं.

हें वाचून आमचें लक्ष आमच्याच घरांतील शब्दांकडे गेलें. 'फराळ' हा शब्द घ्या. एकादशीस फराळ म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ. दिवाळींत फराळ म्हणजे चकल्या, करंज्या आणि चिवडा. एकादशीच्या दिवशीं 'फराळाला या' असें बोलावून पाहुण्यांच्या पुढें चकली ठेविली तर यजमानीण बाईंची काय संभावना होईल? दिवस कोणता हें ज्यास ठाऊक नाहीं त्यास शब्द ठाऊक नाहीं.

आणि 'माहेर'! विवाहित स्त्रीच्या आईबापांचें घर, एवढी व्याख्या करून कोशकार पुढच्या शब्दाकडे वळतो. व्याख्या चुकीची नाहीं. परंतु त्याच घरांत, त्याच छपराखालीं तिचा भाऊ राहतो, आणि त्याचें तें माहेर नव्हे. धाकटी बहीण अजून तेथेंच आहे, तिचेंही नव्हे. लग्न होऊन ती उंबरठा ओलांडील त्या क्षणीं तेंच घर एकाएकीं माहेर होईल. भिंती त्याच, माणसें तींच. बदललें तें एका मुलीचें त्या घराशीं असलेलें नातें. लग्नानंतर मुलीनें दुसऱ्या घरीं जावयाचें, तेथें तिनें जबाबदारीनें आणि जपून वागावयाचें, आणि वर्षांतून चार दिवस जेथें ती उशिरां उठली तरी कोणी कांहीं म्हणत नाहीं असें एक ठिकाण असावयाचें, हा सगळा व्यवहार त्या तीन अक्षरांत बसला आहे. इंग्रजींत त्याचें भाषांतर करावयास गेल्यास वाक्यभर शब्द लागतात आणि तरी त्यांतून कैरीचा वास येत नाहीं. उलट, ज्या मुली आज लग्नानंतर नवऱ्यासह स्वतंत्र बिऱ्हाड करितात, ज्यांचीं दोन्ही घरें एकाच शहरांत आहेत आणि ज्या कोठेंही हव्या तेव्हां उठतात, त्यांच्या तोंडीं हा शब्द तोच असला तरी त्याच्या मागची चौकट पालटत आहे. ती पालटूं नये असें आम्ही म्हणत नाहीं; ज्या चौकटींत चार दिवसांच्या विश्रांतीची एवढी अपूर्वाई होती, तींत उरलेले दिवस कसे जात होते हेंही त्या शब्दानेंच सांगून ठेविलें आहे.

फिल्मोर ह्यांचा आणखी एक भेद एकत्र कुटुंबांतील प्रत्येक मोठ्या माणसानें ध्यानांत घ्यावा असा आहे. एखादी सून डाळ-तांदूळ मापून काढते. कोणी तिला 'चिक्कू' म्हणतें. तिची बाजू दोन प्रकारें घेतां येते. 'छे, चिक्कू कसली, चांगली सढळ हाताची आहे' असें म्हणणाऱ्यानें मापनाची काठी मान्य केली. देणें-घेणें हीच कसोटी धरून तो फक्त वस्तुस्थितीविषयीं भांडतो आहे. 'चिक्कू नव्हे हो, काटकसरी आहे' असें म्हणणारा वस्तुस्थिति मान्य करतो, पण काठीच बदलतो. तो म्हणतो, हिला दातृत्वाच्या मापानें मोजूं नका, नासाडी किती टळली तें पाहा. आमच्या मतें घरांतील पुष्कळ वाद मिटत नाहींत ते याचसाठीं. एक पक्ष पुरावे आणीत राहतो आणि दुसरा काठी बदलीत राहतो. दोघांसही वाटतें कीं आपण एकाच गोष्टीविषयीं बोलत आहों.

'येणें' आणि 'जाणें' या दोन क्षुल्लक क्रियापदांवरही त्यांनीं अतिशय बारकाईनें विचार केला. १९७१ सालीं सांताक्रूझ येथें दिलेल्या त्यांच्या व्याख्यानांचा विषयच हा कीं, 'येथें', 'उद्यां', 'एवढें' अशा शब्दांचा अर्थ बोलणारा कोठें आणि केव्हां उभा आहे यावर कसा टांगलेला असतो. त्यांनीं कल्पिलेला प्रसंग असा: समुद्रांत वाहत आलेल्या बाटलींत एक चिठ्ठी सांपडते. उद्यां दुपारीं, येथें, एवढी मोठी काठी घेऊन भेटण्यास तींत सांगितलेलें असतें. प्रत्येक शब्द ओळखीचा, आणि चिठ्ठीचा उपयोग शून्य! आमच्याकडे निरोप घेणारी सवाष्ण 'जातें' न म्हणतां 'येतें' म्हणते, आणि आईनें हांक मारल्यावर मुलगा जागचा न हलतां 'आलों, आलों' असें भूतकाळांत ओरडतो. या दोहोंचा उलगडा कोणत्याही विभक्तीच्या तक्त्यांत मिळावयाचा नाहीं.

१९८८ च्या एका निबंधांत त्यांनीं आणि त्यांच्या दोघां सहकाऱ्यांनीं तर 'लेट अलोन' या एका इंग्रजी वाक्प्रयोगावरच लिहिलें. 'त्याला साधा वरणभात करतां येत नाहीं, पुरणपोळी तर दूरच' या आमच्या 'तर दूरच' चा तो भाऊ. भाषेंतील असे चमत्कारिक तुकडे अपवाद म्हणून कोपऱ्यांत टाकावयाचे नसून त्यांच्यापासूनच व्याकरण शिकावयाचें, हा त्यांचा आग्रह होता.

मात्र केवळ आरामखुर्चींत बसून वाक्यें रचावयाचीं आणि त्यांवरून सिद्धांत काढावयाचे, याची मर्यादाही त्यांनीं ओळखली. १९९२ च्या एका लेखांत आरामखुर्चीवाले पंडित आणि ग्रंथांच्या ढिगांतून शब्दांची मोजदाद करणारे पंडित या दोघांचीही त्यांनीं गोड थट्टा केली आहे. कितीही मोठा साठा जमविला तरी आपणांस हवें तें सर्व त्यांत सांपडत नाहीं, पण प्रत्येक साठ्यानें आपल्या स्वप्नींही नसलेलें कांहीं शिकविलें, असा त्यांचा अनुभव. त्याच बुद्धीनें, निवृत्तीनंतर, १९९७ सालीं, बर्कलींतील आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र संस्थेंत त्यांनीं 'फ्रेमनेट' नांवाचा कोश आरंभिला. या कोशांत शब्द अकारविल्हे मांडलेले नाहींत. चौकटी आहेत, प्रत्येक चौकटींतील पात्रें आहेत, आणि प्रत्यक्ष लिखाणांतून घेतलेल्या वाक्यांवर कोणतें पात्र कोणत्या शब्दांनीं आलें याच्या हातानें केलेल्या खुणा आहेत. आज त्यांत बाराशेंहून अधिक चौकटी आणि दोन लाखांहून अधिक वाक्यें आहेत. यंत्रास वाक्याचा अर्थ कळावा म्हणून खटपट करणाऱ्यांनीं याचा पुष्कळ उपयोग करून घेतला. जपानी, जर्मन, स्पॅनिश, स्वीडिश या भाषांचेही असे कोश निघाले. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें मराठीचें 'वर्डनेट' झालें आहे. पण तें शब्दाशब्दांतील नात्यांचें जाळें, चौकटींचा कोश नव्हे. फिल्मोर १३ फेब्रुवारी २०१४ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें वारले.

त्यांच्या पत्नी लिली वाँग फिल्मोर याही विदुषी. बर्कलींतच शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांचा विषय परदेशांतून अमेरिकेंत आलेल्या कुटुंबांचीं मुलें. १९९१ सालीं त्यांनीं हजाराहून अधिक कुटुंबांच्या पाहणीवरून असें दाखविलें कीं, अगदीं लहान वयांत इंग्रजी बालवर्गांत घातलेलीं मुलें इंग्रजी शिकतां शिकतां घरची भाषा टाकून देतात. त्यांनीं सांगितलेली एका कोरियन घरची हकीकत आमच्या मनांतून जात नाहीं. आजोबा मायदेशाहून नातवंडांकडे आले. मुलें त्यांच्याशीं मोडक्या कोरियन भाषेंत बोललीं, आणि वडील माणसाशीं बोलतांना लागणारे आदराचे प्रत्यय त्यांना ठाऊकच नव्हते. आजोबांस तो उद्धटपणा वाटला. त्यांनीं मुलाची कानउघाडणी केली, मुलें वाढवितां येत नाहींत काय म्हणून. आणि बापानें मुलांस मारलें. अपराध कोणाचाच नव्हता. मुलांजवळ शब्द थोडे होते. पण ज्या घरांत आजोबांशीं बोलतांना क्रियापदही वाकतें, त्या घराची चौकट त्यांच्याजवळ मुळींच नव्हती. पुण्यांतून न्यू जर्सीस गेलेल्या, किंवा पुण्यांतच राहून इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या आमच्या नातवंडांनीं आजीस 'तूं कधीं जेवणार' आणि आजोबांस 'तूं कुठें चाललास' असें एकाच सुरांत विचारलें, तर आम्ही हंसतों. पहिलें आमच्याकडे लाडाचें आहे, दुसरें नाहीं. हा फरक त्या मुलास कोणी व्याकरण म्हणून शिकविलेला नसतो. तो घरांत वावरून येतो, किंवा येत नाहीं.

या सदरासाठीं आमची वाचकांस एक विनंती आहे. घरांतील एखाद्या वृद्ध बाईंस विचारून एकच शब्द घ्यावा. 'वाढण', 'मेहूण', 'वाण', 'उष्टें', 'ओवळें', 'घाटा', कोणताही. त्याची व्याख्या लिहूं नये. तो शब्द कोणत्या प्रसंगीं, कोणी, कोणाशीं, कोठें बसून वापरला, त्या वेळीं हातांत काय होतें आणि तो शब्द कोणाला वापरण्याची मुभा नव्हती, एवढें एका कार्डावर मावेल इतकें लिहून पाठवावें. नापसंत चालीरीतीचे शब्दही वगळूं नयेत. 'सोवळी' आणि 'बोडकी' या शब्दांमागें काय काय होतें हें ठाऊक असलेल्या आज्या आतां फार थोड्या उरल्या आहेत, आणि त्यांना विचारण्याचें धैर्य नातींस झालें पाहिजे. आलेलीं कार्डें प्रसंगवार लावून आम्ही या पानांवरून क्रमाक्रमानें छापूं.